दुखापत झाली, हे ठरवायचं कोणी?

6 फेब्रुवारी 2010 ची सकाळ. जामठ्याच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातली कसोटी सुरू व्हायची होती. भारताची फलंदाजी आधीच खिळखिळी झालेली. राहुल द्रविडचा जबडा महिनाभरापूर्वी ढाक्यात मोडला होता, युवराज सिंग जायबंदी होता आणि लक्ष्मणची दुखापत बरी झाली नव्हती. त्यामुळे नागपुरात जन्मलेल्या आणि बोरिवलीत क्रिकेट शिकलेल्या रोहित शर्माचं कसोटी पदार्पण त्याच्या जन्मगावीच होणार, हे ठरल्यात जमा होतं. नाणेफेकीला थोडा वेळ उरला असताना सरावात त्याची आणि वृद्धिमान साहाची टक्कर झाली आणि रोहितचा घोटा मुरगळला. संघात दुसरा फलंदाज शिल्लक नव्हता. म्हणून राखीव यष्टिरक्षक म्हणून आलेला साहाच निव्वळ फलंदाज म्हणून मैदानात उतरला, कारण ग्लोव्हज धोनीच्या हातात होते. ज्याच्याशी टक्कर झाली, त्यालाच जागा मिळाली. साहाने पहिल्या डावात शून्य आणि दुसऱ्या डावात 36 धावा केल्या. हाशिम अमलाने नाबाद 253 धावा ठोकल्या, डेल स्टेनने एका डावात सात बळी घेतले आणि भारत एक डाव आणि 6 धावांनी हरला. रोहितला कसोटीची टोपी मिळाली थेट नोव्हेंबर 2013 मध्ये, कोलकात्यात. तिथे त्याने पहिल्याच डावात 177 धावा केल्या.

दक्षिण नागपुरातल्या हुडकेश्वरपासून वर्धा रोडवरचं जामठा काही फार लांब नाही. या भागातल्या क्रिकेटवेड्यांना ही हळहळ चांगलीच आठवत असेल. पण त्या सकाळच्या घटनेत एक बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. रोहितचा घोटा नाणेफेकीआधी मुरगळला, म्हणून साहा खेळू शकला. तो नाणेफेकीनंतर अर्ध्या तासाने मुरगळला असता, तर भारताला दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराकडे परवानगी मागावी लागली असती.

क्रिकेटच्या नियमांमध्ये हे अगदी स्पष्ट लिहिलं आहे. नाणेफेकीआधी कर्णधाराने अकरा नावं लेखी द्यायची. ती एकदा दिली, की प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या संमतीशिवाय त्यात बदल नाही. खेळाच्या कायद्यानेच निर्णय समोरच्याच्या मनाच्या मोठेपणावर सोपवला आहे. अशी कलमं खेळांच्या नियमपुस्तकांत फार सापडत नाहीत, आणि मला ते कलम फार मोलाचं वाटतं.

या मोठेपणाचे नमुनेही आहेत. 2009 च्या ॲशेसमध्ये हेडिंग्लेला नाणेफेकीच्या तोंडावर इंग्लंडचा यष्टिरक्षक मॅट प्रायरची पाठ धरली. अँड्र्यू स्ट्रॉसने नाणेफेक दहा मिनिटं पुढे ढकलण्याची विनंती केली आणि रिकी पाँटिंगने ती मान्य केली. प्रायर सावरला आणि खेळला. त्याहून मोठी गोष्ट जुलै 1986 मधली, लॉर्ड्सची. रिचर्ड हॅडलीचा चेंडू डोक्यावर लागून इंग्लंडचा यष्टिरक्षक ब्रूस फ्रेंच जखमी झाला. मैदानात बॉब टेलर होता, पण खेळाडू म्हणून नाही. त्याने निवृत्ती घेतली होती, वय 45 होतं आणि तो प्रायोजकांच्या तंबूत पाहुण्यांची सरबराई करत होता. न्यूझीलंडचा कर्णधार जेरेमी कोनीने होकार दिला आणि टेलर उसने ग्लोव्हज चढवून यष्टीमागे उभा राहिला. कोनी नाही म्हणाला असता, तर नियम त्याच्या बाजूने होता.

याच टेलरशी आपल्या वानखेडेचं नातं आहे. फेब्रुवारी 1980 च्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडची अवस्था 5 बाद 58 होती. पुढे टेलरला पंचांनी यष्टिरक्षकाकरवी झेलबाद दिलं. पण आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ पहिल्या स्लिपमध्ये उभा होता. बॅटला चेंडू लागलाच नाही, याची त्याला खात्री होती. त्याने अपील मागे घेतलं आणि टेलरला परत बोलावलं. टेलरने बॉथमबरोबर 171 धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. विश्वनाथच्या निर्णयाची किंमत सगळ्या संघाने मोजली. तरी मराठी क्रिकेटरसिक आजही वानखेडेच्या त्या सामन्याबद्दल बोलतो, तो विश्वनाथचं नाव घेऊनच.

आता बर्फाकडे वळू. फिगर स्केटिंग आपल्याकडे टीव्हीवरच पाहायला मिळतं. हुडकेश्वरच्या लेआउटमधली मुलं सिमेंटच्या रस्त्यावर चाकांचे स्केट्स घालून गिरक्या घेतात, बर्फावर नाही. तरी दुखापत आणि बदली यांचा प्रश्न या खेळात जितका नागडा दिसतो, तितका दुसरीकडे कुठे दिसत नाही. साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद बर्फ, त्यावर एकटा माणूस. त्याला दुखापत झाली, तर त्याच्या जागी कोण?

उत्तर साधं आहे. स्पर्धा सुरू होण्याआधी राखीव खेळाडू येऊ शकतो. सुरू झाल्यावर कोणीही नाही. मध्येच दुखापत झाली, तर खेळाडू पंचांकडे जाऊन थांबण्याची परवानगी मागू शकतो. त्याला तीन मिनिटांपर्यंत वेळ मिळतो, जणू लहानपणीच्या खेळातला टाइमप्लीज. पण हा टाइमप्लीज फुकट नाही. थांबलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात करता येते, पण पाच गुण कापले जातात. वेळेत परतता आलं नाही, तर तो स्पर्धेतून बाद.

नोव्हेंबर 2014 मध्ये शांघायच्या चषक स्पर्धेत काय झालं पाहा. अंतिम कार्यक्रमाआधी सहा मिनिटांचा सामूहिक सराव असतो. एका गटातले खेळाडू एकाच वेळी बर्फावर असतात आणि बरेचदा उलटे, पाठीमागे सरकत असतात. जपानचा 19 वर्षांचा ऑलिंपिक विजेता युझुरू हान्यू आणि चीनचा यान हान भर वेगात एकमेकांवर आदळले. हान्यू बर्फावर पडून राहिला. हनुवटीतून आणि डोक्यातून रक्त येत होतं. जामठ्यासारखीच सरावातली टक्कर, पण इथे राखीव साहा नव्हता. हान्यूपुढे दोनच वाटा होत्या, माघार घेणं किंवा खेळणं. डोक्याला पट्टी गुंडाळून तो उतरला, पाच वेळा पडला, तरी दुसरा आला. यान हानही खेळला. प्रेक्षक उभं राहून रडत होते, टाळ्या वाजवत होते. नंतर हान्यूच्या डोक्याला आणि हनुवटीला टाके घालावे लागले.

मला त्या टाळ्या खटकतात. डोक्याला मार लागलेल्या मुलाला लगेच हवेत चार गिरक्या मारायला पाठवणं म्हणजे त्याच्या धैर्याची पूजा करून त्याच्या मेंदूशी जुगार खेळणं आहे. जिथे बदली नाही, तिथे जखमी माणूस खेळणारच. त्याच्यावर जबरदस्ती करावी लागत नाही. स्पर्धा स्वतःच ती करते.

या खेळातल्या राखीव जागेची गोष्ट मिशेल क्वानची आहे. 6 जानेवारी 1994 ला डेट्रॉइटमध्ये सरावानंतर नॅन्सी केरिगनच्या गुडघ्यावर हल्ला झाला. हल्ल्याचा कट तिची प्रतिस्पर्धी टोन्या हार्डिंग हिच्या माजी पतीच्या गोटातून आला होता. केरिगनला अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरताच आलं नाही. हार्डिंग पहिली आली, तेरा वर्षांची क्वान दुसरी. ऑलिंपिकला दोन मुली जाणार होत्या. नियमाने पाहिलं तर हार्डिंग आणि क्वान. पण अमेरिकी संघटनेने दुसरी जागा जखमी केरिगनला दिली आणि क्वान राखीव म्हणून नॉर्वेला गेली. स्पर्धेत न उतरताच परत आली. केरिगनने रौप्यपदक जिंकलं. तपासात अडथळा आणल्याचा गुन्हा हार्डिंगने पुढे कबूल केला आणि तिचं राष्ट्रीय विजेतेपद काढून घेण्यात आलं. ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलेली युक्रेनची ओक्साना बाईउल हीसुद्धा अंतिम फेरीच्या आदल्या दिवशीच सरावात जर्मनीच्या मुलीशी आदळली होती. पायाला टाके पडले होते आणि वेदनाशामक इंजेक्शन घेऊन ती उतरली.

पुढे बारा वर्षांनी, 2006 च्या ट्युरिन ऑलिंपिकआधी क्वान दुसऱ्या बाजूला होती. आता ती पाच वेळा जगज्जेती होती, फक्त ऑलिंपिकचं सुवर्ण राहिलं होतं. दुखापतीमुळे ती राष्ट्रीय स्पर्धा खेळू शकली नाही, पण तिच्या अर्जावरून संघटनेने तिला जागा दिली. ट्युरिनमध्ये पहिल्याच सरावात जांघेतला स्नायू पुन्हा दुखावला. स्पर्धेला अजून आठवडाभर होता. तिने स्वतः माघार घेतली आणि जागा एमिली ह्यूजला गेली, जी त्यानंतर सातवी आली. क्वान पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरली नाही. तेरा वर्षांच्या वयात राखीव बाकावर बसून जे अनुभवलं, ते तिला तेव्हा आठवलं असेल का, हे मला सांगता येणार नाही. पण वेळ असताना माघार घेतल्याने दुसऱ्या मुलीला स्पर्धा मिळाली, एवढं दिसतं.

वेळ असताना म्हणतोय, कारण 2014 मध्ये सोचीत याच्या उलट झालं. रशियाला पुरुष एकेरीत एकच जागा होती. ती 31 वर्षांच्या येवगेनी प्लुशेन्कोला मिळाली. सांघिक स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवून दिलं आणि मग एकेरीच्या पहिल्या फेरीच्या सरावात पाठ धरली. नाव पुकारलं जात असतानाच तो पंचांकडे गेला आणि माघार घेतली. घरच्या मैदानावर रशियाच्या हाती काहीच उरलं नाही, कारण मॅक्सिम कोव्हतुनसारखा राष्ट्रीय विजेता असूनही आता त्याला घेता येत नव्हतं. प्लुशेन्कोवर टीका झाली. त्याची वेदना खरी होती, यावर मला शंका नाही. पण एका देशाची एकमेव जागा अडवून बसताना आपल्या पाठीचा विचार करण्याची जबाबदारी त्याच्यावरही होती आणि त्याला निवडणाऱ्यांवरही.

सांघिक फिगर स्केटिंगमध्ये नियम वेगळा आहे. चार प्रकारांपैकी दोनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या फेरीदरम्यान खेळाडू बदलता येतात, आणि त्यासाठी दुखापतीचं कारण द्यावं लागत नाही. कबड्डीत सात मैदानात, पाच राखीव. चढाईपटू दमला, तर टाइम आउट घेऊन बदलता येतो. कोणी लंगडून दाखवायची गरज नाही. जिथे बदली मुक्त असते, तिथे खोटं बोलायला कारणच उरत नाही. क्रिकेटमध्ये बदलीसाठी दुखापत हवी, म्हणून तिथे दुखापतीचा पुरावा, संशय आणि वाद येतात.

क्रिकेटने पिढ्यानपिढ्या बदली नाकारली. क्षेत्ररक्षणाला बदली चालतो, पण तो फलंदाजी किंवा गोलंदाजी करू शकत नाही. 2017 पासून पंचांच्या संमतीने यष्टिरक्षण मात्र करता येतं. या बदली क्षेत्ररक्षकाचाही गैरफायदा घेतल्याचे आरोप झाले. 2005 मध्ये ट्रेंट ब्रिजला गॅरी प्रॅट नावाच्या बदली खेळाडूने पाँटिंगला धावचीत केलं, तेव्हा इंग्लंडचे गोलंदाज अधूनमधून विश्रांतीला आत जातात, असा पाँटिंगचा राग होता. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून जखमी फलंदाजासाठीचा रनरही काढून टाकण्यात आला. त्यामागे हाच संशय होता.

आणि या नकाराचं मोल आपल्याच माणसांनी मोजलं. एप्रिल 1976, किंग्स्टन, सबाइना पार्क. त्याआधी त्रिनिदादमध्ये भारताने 403 धावांचं लक्ष्य गाठलं होतं. चिडलेल्या क्लाइव्ह लॉइडने वेगवान मारा उतरवला. हेल्मेट नव्हती. मुंबईत जन्मलेला, बडोद्याकडून खेळणारा अंशुमन गायकवाड 81 वर असताना मायकल होल्डिंगचा चेंडू त्याच्या डाव्या कानावर बसला. विश्वनाथचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलच्या तोंडाला टाके पडले. कर्णधार बिशनसिंग बेदीने पहिला डाव 6 बाद 306 वर घोषित केला. दुसऱ्या डावात 5 बाद 97 वर डाव संपला, कारण पाच जण फलंदाजीला उतरूच शकले नाहीत. त्या सामन्यात भारताच्या दौऱ्यावरच्या सतराही जणांना कधी ना कधी मैदानात क्षेत्ररक्षण करावं लागलं. सुरिंदर अमरनाथ बदली म्हणून मैदानात असताना त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली. सुनील गावसकरांनी पुढे आपल्या आत्मकथनात या सामन्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं.

त्याच वेस्ट इंडीजच्या बेटांवर 1962 मध्ये बार्बाडोसला आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने फुटली होती. त्याला रक्त दिलं ते वेस्ट इंडीजच्या फ्रँक वॉरेलने, आणि आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळू शकला नाही आणि एकवीस वर्षांचा मन्सूर अली खान पतौडी कर्णधार झाला.

आपण मात्र शौर्याच्या गोष्टींवर वाढलो. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंची एक गोष्ट जुने रसिक अजून सांगतात. दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून दात पडले, तेव्हा त्यांनी ते खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि पुढचा चेंडू टाकायला सांगितलं. मला नायडूंचा अभिमान आहे. पण या गोष्टी सांगताना एक भान हवं. तुटलेला दात आणि हललेला मेंदू यांत फरक आहे. दाताचं दुखणं दिसतं, मेंदूला बसलेला हादरा दिसत नाही. माणूस चालतो, बोलतो, चेंडू अडवतो आणि तरी आत सूज किंवा रक्तस्राव सुरू असू शकतो. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतात. म्हणून डोक्याच्या दुखापतीच्या बाबतीत जखमी माणसाला त्याच्याच शौर्यावर सोडता येत नाही.

हे क्रिकेटला उशिरा कळलं, आणि कळलं ते एका मृत्यूने. हान्यूच्या टक्करीनंतर काही दिवसांतच, 25 नोव्हेंबर 2014 ला सिडनीत फिलिप ह्यूजच्या मानेवर चेंडू बसला आणि दोन दिवसांत तो गेला. तो 25 वर्षांचा होता. ऑगस्ट 2019 पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याच्या दुखापतीसाठी पूर्ण बदली मिळू लागला. तो फलंदाजीही करू शकतो, गोलंदाजीही. पहिला बदली लॉर्ड्सवर मार्नस लाबुशेन. स्टीव्ह स्मिथला जोफ्रा आर्चरचा चेंडू लागला, तो बाहेर गेला, परत येऊन 92 पर्यंत खेळला आणि दुसऱ्या सकाळी त्याला त्रास जाणवू लागला. मार लागल्यावर खेळणं म्हणजे दुखापत नसणं, असं होत नाही, हे त्याच पहिल्या प्रसंगाने दाखवलं होतं.

आता पुण्याकडे येऊ, कारण महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा वाद तिथे झाला. 31 जानेवारी 2025, गहुंजे. भारत आणि इंग्लंड यांच्यातला चौथा टी-ट्वेंटी. मुंबईचा शिवम दुबे 34 चेंडूंत 53 धावांवर होता. शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू त्याच्या हेल्मेटवर बसला. तपासणी झाली, तो पुढचा चेंडू खेळला आणि धावचीत झाला. भारताच्या 9 बाद 181 धावा झाल्या. मध्यंतरात दुबेला त्रास जाणवत असल्याचं संघाने सांगितलं आणि दुसऱ्या डावात त्याच्या जागी हर्षित राणा आला. गोलंदाजी प्रशिक्षक मॉर्ने मॉर्केलच्या सांगण्यानुसार निरोप आला, तेव्हा राणा जेवत होता. त्याने 33 धावांत तीन बळी घेतले आणि भारताने 15 धावांनी सामना आणि मालिका खिशात टाकली.

इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर संतापला. नियम म्हणतो, बदली जखमी खेळाडूसारखाच असावा. दुबे हा मधल्या फळीचा फलंदाज आहे, कधीतरी मध्यम गतीने गोलंदाजी करतो. राणा हा ताशी 140 किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडू टाकणारा गोलंदाज. संघात रमणदीप सिंगसारखा अष्टपैलू होता. भारताच्या बाजूने म्हणायचं तर दुबेचं फलंदाजीचं काम संपलं होतं, उरलं होतं ते गोलंदाजीचं, आणि सामनाधिकारी जवागल श्रीनाथ यांनी परवानगी दिली होती. सामनाधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. तरी सुनील गावसकरांनी स्तंभात सरळ लिहिलं की शेवटपर्यंत फलंदाजी केलेल्या दुबेसाठी ही बदली योग्य नव्हती. भारतीय कर्णधार राहिलेल्या मराठी माणसाने भारताच्या विजयावर असं बोलायला हिंमत लागते.

माझं मत असं. दुबेच्या डोक्याला त्रास झाला नाही, असं दूरवरून कोणी म्हणू नये. स्मिथचं उदाहरण समोर आहे. पण राणाची निवड चुकली. 2020 मध्ये कॅनबेराला अगदी हेच झालं होतं. शेवटच्या षटकात मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर बसला, त्याच्या जागी आलेल्या युझवेंद्र चहलने 25 धावांत तीन बळी घेतले, तो सामनावीर ठरला आणि ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक जस्टिन लँगर सामनाधिकारी डेव्हिड बून यांच्याशी वाद घालताना दिसला. तिथे निदान फिरकीपटूच्या जागी फिरकीपटू आला होता. खेळाडूची काळजी घेणं हा एक हक्क आहे आणि त्या काळजीतून संघाला फायदा न होऊ देणं ही दुसरी जबाबदारी आहे. पुण्यात पहिली गोष्ट झाली, दुसरी राहिली. समोरच्या कर्णधाराला त्या क्षणी विचारलंच गेलं नाही, म्हणून त्याचा राग अनावर झाला.

2025 च्या मध्यापासून आंतरराष्ट्रीय नियमात सुधारणा आली. आता सामन्याआधीच प्रत्येक भूमिकेसाठी एकेक संभाव्य बदली खेळाडूचं नाव द्यावं लागतं आणि डोक्याला हादरा बसल्याचं निदान झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस विश्रांती घ्यावी लागते. हा सात दिवसांचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. खोटं निदान करणारा संघ आपला खेळाडू आठवडाभर गमावतो, आणि खऱ्या निदानाच्या खेळाडूला आराम मिळतो.

बाकीच्या दुखापतींचं काय? जुलै 2025 मध्ये मँचेस्टरला ख्रिस वोक्सचा चेंडू लागून ऋषभ पंतच्या पायाचं हाड मोडलं. तो 37 धावांवर बाहेर गेला, दुसऱ्या दिवशी लंगडत येऊन 54 पर्यंत पोचला. यष्टिरक्षण ध्रुव जुरेलने केलं. पुढच्याच ओव्हल कसोटीत खांदा निखळलेला वोक्स हात गळ्यात बांधून मैदानात आला आणि भारत सहा धावांनी जिंकला. प्रशिक्षक गौतम गंभीरने अशा दुखापतींसाठी बदली मागितला. बेन स्टोक्सने ठाम विरोध केला, कारण कोणत्याही थकलेल्या गोलंदाजाचा गुडघा यंत्रात घातला, तर काही ना काही दिसेलच, असं त्याचं म्हणणं होतं. दोघांच्याही म्हणण्यात सत्य आहे. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मंडळाने देशांतर्गत अनेक दिवसांच्या सामन्यांसाठी मधला रस्ता काढला. बाहेरून मार लागून झालेली गंभीर दुखापतच चालेल, जसं हाड मोडणं किंवा सांधा निखळणं. स्नायू ताणला, हे कारण पुरेसं नाही. निर्णय पंच, सामनाधिकारी आणि डॉक्टर घेतील आणि बदली तसाच खेळाडू असेल.

नियम येऊन महिनाही झाला नव्हता, तोच सप्टेंबर 2025 च्या दुलीप करंडकात महाराष्ट्राचा यष्टिरक्षक सौरभ नवले बदली म्हणून उतरला. पश्चिम विभागाच्या हार्विक देसाईच्या मांडीचा स्नायू दुखावला होता. आता स्नायूची दुखापत बाहेरून लागलेल्या मारात बसते का, हा प्रश्न पहिल्याच वापरात उभा राहिला. नियम लिहिणाऱ्याला जी ओळ स्पष्ट वाटते, ती मैदानावर पोचेपर्यंत पुसट होते. त्या सामन्यात आघाडी मिळवून मध्य विभाग अंतिम फेरीत गेला, अंतिम सामन्यात विदर्भाच्या यश राठोडने 194 धावा केल्या आणि करंडकही मध्य विभागानेच जिंकला.

जामठ्यातली एक तारीख सांगायची राहिली. 6 फेब्रुवारी 2025, रोहितच्या मुरगळलेल्या घोट्याला बरोबर पंधरा वर्षं. त्याच मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात एकदिवसीय सामना, आणि आता रोहित कर्णधार. विराट कोहलीचा गुडघा आदल्या दिवशी सुजला. श्रेयस अय्यर खेळणार नव्हता. तो रात्री सिनेमा पाहत होता, तेव्हा रोहितचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्याने 36 चेंडूंत 59 धावा केल्या. पुण्यातल्या वादानंतर आठवडाभरातच हर्षित राणाचं एकदिवसीय पदार्पण याच सामन्यात झालं आणि त्यानेही तीन बळी घेतले. कोहलीच्या जागी अय्यर, या नाणेफेकीआधी झालेल्या बदलाबद्दल कोणाला प्रश्न पडला नाही.

हुडकेश्वर-नरसाळ्याच्या रिकाम्या प्लॉटवर टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्या आणि मुलांना चाकांच्या स्केट्सवर उभं करणाऱ्या सगळ्यांना आता एक मागणं. तिथे ना सामनाधिकारी असतो, ना डॉक्टर. म्हणून स्पर्धेआधीच लिहून ठेवा: डोक्याला मार लागलेलं मूल त्या दिवशी परत खेळणार नाही, मग ते कितीही ठणठणीत वाटो आणि कितीही रडो. हा निर्णय त्याच्या संघाच्या कर्णधाराचा किंवा वडिलांचा नाही, आयोजकाचा आहे. बदली कोण असेल, त्याचं नाव नाणेफेकीआधी समोरच्या संघाला सांगा. मुलाला पुढचे चोवीस तास एकटं सोडू नका. उलटी झाली, डोकेदुखी वाढली, झोप येऊ लागली, बोलणं अडखळलं किंवा फिट आली, तर पुढच्या सामन्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. एवढा नियम अर्ध्या कागदावर मावतो. पहिल्या चेंडूआधी त्यावर दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्या.